थांबलाय की गेलाय?

संगणक बंदच पडला तर माणूस मोकळा होतो. उचलतो, दुकानात नेऊन टाकतो. अडकलेल्या संगणकाचं तसं नाही. पडदा उजळलेला, आत पंखा घरघरतोय, पट्टी अर्ध्यावर. आता सरकेल, मग सरकेल म्हणत घरदार समोर बसून राहतं आणि गॅसवरचं दूध उतू जातं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आमच्या जुन्या डेस्कटॉपात नाही. पुण्याचा भाचा म्हणाला, "मावशी, लिनक्स मिंट घाल, फुकट आहे." 'फुकट' म्हटल्यावर आमच्या घरात ठराव एकमताने मंजूर होतो.

मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावला, लोगो उमटला आणि तिथेच मुक्काम ठोकला. "विचार करत असेल, घाई करू नकोस," असं म्हणून ह्यांनी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "व्हायरस!" आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

भाच्याला फोन लावला. "मावशी, कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो?"

"नाही रे."

"मग गेलाय. दिवा लागला असता तर आत अजून धुगधुगी आहे म्हणून थांबलो असतो. आपोआप लुकलुकायला लागला, तर कर्नलनेच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानेच, हाय खाल्ली असं समज."

आयुष्यात इतकं उपयोगी ज्ञान मला क्वचितच मिळालंय. पेपर वाचणाऱ्या माणसाला काही विचारलं की तो ऐकून गप्प आहे की ऐकूच आलं नाही, हे कळायला असं एखादं बटण हवं होतं. ह्यांना कुठे दाबायचं हे कोणी सांगितलेलं नाही.

मग तपासणीला सुरुवात झाली. आधी उतरवून घेतलेली फाइल धड आहे का? त्यासाठी तिचा चेकसम संकेतस्थळावरच्या चेकसमशी ताडून पाहायचा. मी वाचते, हे टिक करतात. लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी मांडव पडतो, इथे चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळावी लागतात. जुळली. "आपल्या वेळी कुठे एवढी जुळली होती," हे म्हणाले. मी पुढचं काम काढलं.

लोगोवरचा मुक्काम ग्राफिक्स कार्डापायी होता. सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' एवढं लिहिल्यावर तो हलला. पण पुढे डिस्क निवडायच्या पानावर पुन्हा थिजला, आणि कधी त्याच्याही आधी. भाचा खूश! "दर वेळी वेगळ्या जागी अडकतोय ना? मग रॅम बघ."

रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग. काकांना वाटलं, व्हायरस सापडला.

अशा वेळी लोक एकदम मदरबोर्डावर संशय घेतात, कारण तो सगळ्यात महाग. माझ्या मते आधी स्वस्त संशयिताला धरावं. वायर काढून झाकण उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्या, दोन्ही टोकांना खटके. खटके बाहेर दाबले की पट्टी आपणहून वर येते. तिच्या खालच्या काठाला बारीक सोनेरी दात असतात, ते काळवंडले होते. दुरुस्तीच्या दुकानात यावर वापरतात साधा खोडरबर. काकांच्या नातवाच्या कंपासपेटीतून तो आला. एकाच दिशेने हलक्या हाताने घासलं, चुरा झटकला, आधी एकच पट्टी बसवली आणि दोन्ही खटके 'टक्' वाजेपर्यंत दाबली. मेमटेस्टमध्ये लाल काही नाही. मग दुसरी. तरीही नाही. "बघा, माझ्याच रबराने!" काका म्हणाले.

या खेपेला डिस्कचं पान मुकाट ओलांडलं. पुढे जगाचा नकाशा आला, तुम्ही कुठे आहात? भारताच्या नावाने तिथे एकच शहर होतं, कोलकाता.

"हा अन्याय आहे," काका म्हणाले. "मुंबई कर."

"अहो, घड्याळासाठी आहे ते. वेळ सगळीकडे तीच."

"वेळ तीच असेल, पण नाव त्यांचं का?"

ह्यांनीही पेपर खाली ठेवला आणि वादात उतरले. खाली फायली उतरत होत्या, पट्टी निमूटपणे पुढे सरकत होती आणि तिच्याकडे बघायला कोणालाच सवड नव्हती.