खेकड्यांच्या बचावार्थ

करंजा हे आज उरण तालुक्यात मोडणारे, खाडीकाठचे कोळ्यांचे गाव असले, तरी जुन्या गॅझेटियरात उरण हा पनवेल तालुक्याचाच महाल म्हणून नोंदलेला आहे, आणि या पट्ट्याचे मातीच्या बांधाशी असलेले नाते तर त्या नोंदीहूनही जुने आहे. भरतीचे पाणी शेतात आणि मिठागरात घुसू नये म्हणून येथे पिढ्यान्‌पिढ्या बांधबंदिस्ती होत आली. त्या बांधांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळे करतात हे येथील पोराटोरांनाही ठाऊक असे, आणि म्हणूनच उधाणाआधी बांधावरून फिरून बिळे बुजवणे व खचल्या जागी चिखल थापणे हा शेतीचाच भाग मानला जाई. खांड पडल्यावर, म्हणजे बांध फुटल्यावर, चिंबोरीवर ठपका ठेवून मोकळे होण्याची सोय मात्र तेव्हा कोणालाच सुचली नव्हती.

तो शोध २०१९ साली लागला. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. परंतु तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचे कर्तृत्व खेकड्यांच्या पदरी टाकले, आणि विरोधकांनी लगोलग खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन त्यांच्या अटकेची मागणी केली. या प्राण्याला दहा पाय असूनही तो मंत्रालयापर्यंत पोहोचू शकत नाही, ही त्याच्या बचावातील मोठीच उणीव होय.

सरकारी धरणाला निदान एक खाते असते, ज्याला दोष देता येतो. खासगी करमणुकीच्या बांधाची गोष्ट निराळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून उरण-पनवेलची जमीन गुंठ्यांत मोजली जात असली, तरी विकली जाते ती ‘व्ह्यू’वर, आणि ज्या भूखंडाला निसर्गाने तळे दिलेले नाही त्याला ते जेसीबी देऊ शकतो. शास्त्राप्रमाणे मातीच्या बांधाच्या पोटात पाणी न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा गाभा असावा लागतो, भोवती मुरमाचे कवच लागते, माती थराथराने ओलावून व रोलरने दाबून भरावी लागते, आणि मुख्य म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा, म्हणजे बगलेने काढलेली मोकळी वाट, पुरेसा रुंद ठेवावा लागतो; कारण मातीचा बांध पाणी अडवतो, पण पाणी माथ्यावरून वाहू लागले की काही तासांत तो स्वतःच पाण्याबरोबर निघून जातो. हौसेच्या बांधात या साऱ्याची जागा सौंदर्यदृष्टी घेते. माथ्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, उतारावर आंब्याची कलमे लागतात, ज्यांची मुळे पुढे खेकड्याचेच काम अधिक शिस्तीत करतात, आणि रोहू-कटला पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी लावली जाते.

या जाळीचा पूर्वेतिहास अत्यंत प्रतिष्ठित आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क येथील मातीचे जुने धरण एका मासेमारी व शिकार क्लबाने आपल्या विरंगुळ्यासाठी घेतले होते, आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी व कोळसासम्राट हेन्री फ्रिक हे त्या क्लबाचे सभासद होते. घोडागाड्यांना रस्ता हवा म्हणून धरणाचा माथा खाली घेण्यात आला, तळाचे पाणी सोडणारे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते ते पुन्हा बसवले गेले नाहीत, आणि सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या लागल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत काटक्याकुटक्या अडकल्या, पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात व परिसरात २,२०९ माणसे मेली. न्यायालयात क्लबावर जबाबदारी आली नाही. कार्नेगी यांनी शहराला नवे वाचनालय बांधून दिले.

भारताने धरणांच्या सुरक्षेसाठी कायदा केला, पण तो फूटपट्टी हातात घेऊन केला. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो; १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर किंवा अशीच एखादी ठरावीक अट पुरी करणारीच त्यात येतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे मालकाचे कर्तव्य या यादीतल्या धरणांपुरते आहे. त्यामुळे सुज्ञ मालकाने बांध नऊ मीटरवर थांबवावा, म्हणजे या कायद्याच्या दृष्टीने तेथे धरणच नसते. खालच्या वाडीतील घरे मात्र, पाण्याला हे कलम वाचता येत नसल्याने, होती तेथेच राहतात. उंची मोजणे सोपे आहे, खाली कोण झोपते हे मोजणे अवघड, आणि प्रशासनाने सोप्याची निवड करावी यात नवल नाही. पनवेलच्या गाढेश्वर धरणावर दर पावसाळ्यात पर्यटकांना मनाई केली जाते, ती योग्यच आहे. पण मनाई बुडू शकणाऱ्या माणसाला लागू पडते, फुटू शकणाऱ्या खासगी बांधाला नोटीस कोणी द्यायची हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

तोवर हौशी मालकांना एवढीच विनंती आहे की, जूनच्या आत सांडव्यावरील जाळी काढावी, उतारावरची झाडे लहान असतानाच उपटावीत, बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसले तर तळ्यातील पातळी खाली आणून जाणकार अभियंत्याला बोलवावे, आणि खालच्या वाडीतल्या प्रत्येक घरी आपला मोबाइल नंबर देऊन ठेवावा व तो रात्रीही चालू ठेवावा.