मोडीचा भाव

घरी बिअर करणारी दोन माणसं अमेरिकेत कुठेही भेटली, की पहिली पाच मिनिटं माल्ट आणि हॉप्सची होतात. मग विषय बिअर भरायच्या जुन्या केगच्या भावावर येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. "मी पहिला बारा डॉलरला घेतला होता," एक म्हणतो. "मला तर फुकट मिळाला, वर त्याने तो गाडीत उचलून ठेवला," दुसरा म्हणतो. एखादा नवशिका जवळ उभा असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, कारण तो नुकताच साठ-सत्तर डॉलर मोजून आलेला असतो, आणि तेही पोचे आलेल्या केगला.

भाव वाढले याचं दुःख मलाही आहे. पण इतकी वर्षं ते वाढले नव्हते, नवल खरं त्याचं वाटायला हवं. कारण ही वस्तू आमच्यासाठी कधी बनलेलीच नव्हती.

या केगला सगळे 'कॉर्नी' म्हणतात, ते कॉर्निलियस कंपनीवरून. रिचर्ड कॉर्निलियस यांनी 1931 मध्ये ती मिनियापोलिसमध्ये काढली. पुढे तिचं बस्तान अनोका गावात बसलं, आणि मी मिनेसोटात राहत असल्यामुळे या गोष्टीचा मला उगीचच गावकीचा अभिमान आहे. कॉर्नी मुळात बिअरचा नव्हेच. पेप्सी, कोकाकोलाचं गोड सिरप हॉटेलांना आणि सिनेमागृहांना पोचवायचं हे भांडं. स्टेनलेस स्टीलचं, पाच गॅलनचं, म्हणजे जवळपास एकोणीस लिटरचं. वर दोन तोंडं. एकातून गॅस आत शिरणार, दुसऱ्यातून माल बाहेर येणार. झाकण लंबगोल. ते तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून बसवायचं; मग आतला दाबच त्याला घट्ट धरून ठेवतो. ज्याने कोणी हे झाकण शोधलं त्याला माझा नमस्कार. स्क्रू नाही, पाना नाही, आणि पूर्ण हात आत घालून घासता येतं. पेप्सीवाल्यांचे केग 'बॉल लॉक', उंच आणि शेलाटे. कोकवाल्यांचे 'पिन लॉक', बुटके आणि गरगरीत. एकाची जोडणी दुसऱ्याला लागत नाही. दोन कंपन्यांच्या भांडणाचा वारसा आम्ही बिअरवाले आजही इमानेइतबारे चालवतो आहोत.

मग प्लॅस्टिकची पिशवी आली. खोक्यातली पिशवी ही कल्पना विल्यम शॉल नावाच्या गृहस्थांनी 1955 च्या सुमाराला काढली होती, आणि ती बॅटरीतलं ॲसिड सुरक्षित नेण्यासाठी. पुढे तीच पिशवी सिरपच्या कामी आली. आता पुठ्ठ्याचं खोकं यायचं, रिकामं झालं की फेकून द्यायचं. परत न्यायला नको, धुवायला नको, अनामत रकमेचा हिशेब नको. ॲसिडच्या पिशवीतून सिरप पिण्यात गिऱ्हाइकांना काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांना कोणी सांगितलं नसावं. तीस-तीस वर्षं टिकणारे पोलादी केग एकाएकी बिनकामाचे झाले. बॉटलिंगवाल्यांच्या गोदामांत त्यांच्या उतरंडी लागल्या आणि भंगारवाल्याकडे ते मोडीच्या भावाने जाऊ लागले.

नेमक्या त्याच सुमाराला त्यांना एक गिऱ्हाईक तयार होत होतं. अमेरिकेत दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली. बिअर मात्र कायद्यातून राहून गेली. ती राहिलेली गोष्ट पुरी व्हायला 1978 चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, आणि पुढच्या फेब्रुवारीपासून दर प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन बिअर घरी करता येऊ लागली. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दोनशे. विकायची नाही, एवढी एक अट. आमची ही बिअरच्या वासानेही नाक मुरडते, पण कायद्याने शंभर गॅलन तिच्या नावावर आहेत. वाद झाला की मी तिला तिच्या हक्काची आठवण करून देतो.

याच कार्टरसाहेबांनी त्या वर्षाच्या जानेवारीत दिल्लीत मोरारजीभाईंची भेट घेतली होती. मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना ज्यांनी आपल्याकडे दारूबंदी आणली, ते मोरारजी आता पंतप्रधान होऊन सबंध देश चार वर्षांत कोरडा करायला निघाले होते. पाहुण्याने त्यांच्यासमोर बिअरचा विषय काढला असेल असं वाटत नाही. त्याच सरकारच्या काळात, 1977 मध्ये, कोकाकोला भारतातून गाशा गुंडाळून गेली. त्यामुळे माझी पिढी गोल्ड स्पॉट आणि थम्स अपवर वाढली. इकडे अमेरिकेत कोकचे केग ज्या वेळी गोदामातून बाहेर पडत होते, त्या वेळी मी लग्नाच्या मांडवात दुसरी गोल्ड स्पॉट मिळते का म्हणून टेहळणी करत होतो.

कार्टर यांच्या भावाची गोष्ट तर इथे सांगायलाच हवी. बिली कार्टर यांच्या नावाने 1977 मध्ये 'बिली बिअर' निघाली. वर्षभरातच ती बंद पडली, आणि लोकांना वाटलं, झालं, आता हे डबे दुर्मीळ होणार! घरोघरी सीलबंद डबे माळ्यावर गेले. मुलांच्या कॉलेजची सोय झाली अशा थाटात काहींनी ते जपले. आज त्या डब्याला एखाद-दुसऱ्या डॉलरवर कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांनीच जपल्यामुळे सगळ्यांकडेच ते आहेत. आणि ज्या केगवरून ट्रक गेला तरी कोणी हळहळलं नसतं, तो आज ऐटीत शिंकाळ्यात बसला आहे. भावी किमतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी या दोन डब्यांसमोर जरा वेळ शांत बसावं, अशी माझी नम्र सूचना आहे. मी स्वतः बसतो. त्या वेळी हातात ग्लास असतो, ही बाब वेगळी.

तर भंगारातला केग आम्हाला मिळाला आणि आमचं आयुष्यच सुखाचं झालं. त्याआधी बाटल्या भराव्या लागत. पाच गॅलनची एक खेप म्हणजे पन्नासेक बाटल्या. प्रत्येक धुवायची, निर्जंतुक करायची, मोजून साखर घालायची, झाकण दाबायचं आणि पुढचे दोन आठवडे तळघरात एखादी फुटत तर नाही ना म्हणून कानोसा घेत झोपायचं. केगमध्ये हे सगळं एका धुण्यात उरकतं. बिअर भरा, थंड करा, सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडा, आठवड्याभरात नळाखाली ग्लास धरा. हे सुख एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने दहांना. दहा डॉलरचे वीस झाले, विसाचे चाळीस, आणि एक दिवस पन्नाशी ओलांडली. व्यापाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवतो. पण ओसाडगावची जमीन फुकट आहे हो, असं गावभर ओरडत सुटलो ते आम्हीच. शिवाय विहीर आटणारी होती. सिरपसाठी नवे केग कोणी बनवत नव्हतं, त्यामुळे जुन्यात भर पडण्याचा प्रश्नच नव्हता. एकाकडचा केग दुसऱ्याकडे जातो, तेवढंच.

त्यात धातूचा बाजार तापला. आपल्या घरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांत अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, केगमध्येही तेच. निकेल 2007 च्या मे महिन्यात टनाला पन्नास हजार डॉलरच्या वर गेलं, जे त्याआधी चार-पाच वर्षं दहा हजाराच्याही आत होतं. मग बिअर कंपन्यांचे साडेपंधरा गॅलनचे मोठे केग बारच्या मागच्या दारातून नाहीसे व्हायला लागले. अनामत रक्कम कमी आणि भंगाराचा भाव जास्त, म्हटल्यावर केग परत कोण आणून देतो? कंपन्यांनी अनामत वाढवली, राज्याराज्यांत भंगारवाल्यांवर कायदे आले. आमच्यातले काही जण याच मोठ्या केगचं डोकं कापून त्यात बिअर उकळायचे. त्यांच्या गॅरेजात आता पाहुणा आला की आधी त्यावर चादर पडते.

जुना कॉर्नी विकत घेतल्यावर तो उघडण्याचा एक विधी असतो. आधी झाकणावरची कडी ओढून आतला दाब काढायचा. केग फुस्स करतो. ते ऐकून बरं वाटतं, कारण इतकी वर्षं दाब धरून ठेवलेला केग गळका नसतो. मग झाकण निघतं आणि आतून वास येतो. कोलाचा असेल तर नशीब. बहुतेक वेळा तो रूट बिअरचा असतो. रूट बिअर हे इथलं मुलांचं आवडतं पेय. त्यात विंटरग्रीनचा स्वाद असतो, आणि विंटरग्रीनचं तेल आयोडेक्समध्येही असतं. त्यामुळे अमेरिकन माणसाला तो वास आला की त्याचं बालपण जागं होतं आणि मराठी माणसाची कंबर. स्टील धुऊन निघतं, पण रबर तो वास सोडत नाही. म्हणून केगमधल्या पाचही रबरी रिंगा बदलायच्या: झाकणाची मोठी एक, दोन्ही तोंडांच्या दोन, आतल्या नळ्यांच्या दोन. हा खर्च दोन-तीन डॉलरचा. तो वाचवलेल्या एकाची उत्तम पिल्सनर मी प्यालो आहे. दुसऱ्या दिवशी पाठ अजिबात दुखली नाही.

केग घासताना मला सगळ्यात आवडते ती त्याच्या अंगावरची अक्षरं. ही मालमत्ता अमुक गावच्या तमुक बॉटलिंग कंपनीची, असं कुठेतरी ठोकलेलं किंवा छापलेलं असतं. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पातेल्यावर नाव घालून घेतात ना, 'चि. सौ. कां. हिला मामाकडून', तशीच ही मिरवण. फरक इतकाच, की आपल्याकडे दुसऱ्याचं नाव असलेलं पातेलं घरात राहिलं तर जिवाला घोर लागतो आणि ते काहीतरी घालून परत द्यावं लागतं. माझ्याकडच्या एका केगवर टेक्सासमधलं गाव आहे. तो केग कुणी मागायला आलं तर बिअर घालून परत द्यायची माझी तयारी आहे.

आता हिशेबाचं. हा छंद मी पैसे वाचतील म्हणून सुरू केला, असं मी घरी सांगितलं होतं. ही बँकेत होती. तिने एकदा कागद घेतला आणि केग, सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, तोट्या, जुना फ्रिज, फ्रिजला भोक पाडायचं यंत्र असं एकाखाली एक मांडलं. खाली बेरीज लिहून कागद माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाली, "चार आण्याची कोंबडी." बारा आण्यांचं तिने मुद्दामच पुढे ठेवलं नाही. मी म्हटलं, केग विकायला काढले तर घेतल्यापेक्षा चौपट येतील, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. ती म्हणाली, "मग काढा की." इथे संभाषण थांबलं. केगवाला माणूस केग कधी विकत नाही. एक नळाला लागलेला, एक मुरत असलेला आणि एक धुऊन ठेवलेला, असे तीन तर लागतातच, चौथा अडीअडचणीला. सगळे असाच विचार करतात, म्हणून बाजारात माल येत नाही, म्हणून भाव चढतो, म्हणून पाचवा आत्ताच घेऊन ठेवावासा वाटतो.

नवे केग मिळतात. परदेशातून येतात, चकचकीत असतात, आणि शंभर डॉलरच्या आसपास पडतात. जुन्याचा भाव नव्याच्या इतका जवळ गेल्यावर शहाण्या माणसाने नवाच घ्यावा. पण नव्याला ना गाव, ना अक्षरं, ना आयोडेक्स.

गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला सरबताचं काम हिच्याकडे आलं. "अहो, तुमचा एक डबा द्या," ती म्हणाली. तिच्या लेखी तो डबाच आहे. मी सगळ्यात स्वच्छ केग काढला, कोऱ्या रिंगा घातल्या. तिने त्यात कोकमाचं सरबत भरलं, मी गॅस सोडला, आणि आरतीनंतर कोकम सोडा नळातून वाहू लागला. पोरांनी रांग सोडली नाही. एका पुणेकर काकांनी साखर जास्त झाल्याचं सांगितलं आणि ग्लास पुन्हा पुढे केला. इतकी वर्षं बिअरच्या नादी लागलेला तो केग आपल्या घराण्याच्या धंद्यात परत गेला.

तो अजून तिकडेच आहे. तिने माझ्या इलेक्ट्रिक पेनने त्याच्यावर स्वतःचं नाव घातलं आणि खाली 'फक्त सरबत' असं कोरलं. नाव पडलेलं भांडं मागायचं नसतं, एवढं मला कळतं. म्हणजे माझ्याकडे एक कमी झाला. पलीकडच्या गावात एकाकडे पिन लॉक आहे म्हणे. पंचावन्न सांगतोय, पन्नासला देईल असं वाटतं. माझी सगळी जोडणी बॉल लॉकची आहे, त्यामुळे तोट्या वेगळ्या घ्याव्या लागतील. ते हिला अजून सांगितलेलं नाही.