बँकवाले

जन्माने सांगलीकर असलेल्या माणसाला सांगलीची माहिती असावी लागत नाही. गाव त्याच्या मालकीचं असतं, तेवढं पुरतं. मराठी नाटक 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून आमच्याच गावात सुरू केलं, हे तो परगावच्या माणसाला दुसऱ्या वाक्याला सांगतो. स्वतः शेवटचं नाटक कधी बघितलं असं विचारलं, की त्याला एकदम कुठेतरी जायचं असतं. गावाची खरी माहिती हवी असेल तर बदलीवर आलेल्या माणसाला गाठावं, आणि तो बँकेतला असेल तर त्याच्या बायकोला.

आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बँकेने लीजवर घेतलेला आहे. त्यात दर तीनेक वर्षांनी माणसं बदलतात, नाव तेच राहतं. आत कोणीही असो, ते 'बँकवाले'. आडनाव पाठ व्हायच्या आत त्यांची ऑर्डर निघते, त्यामुळे त्या भानगडीत कोणी पडत नाही. दारावर पाटी लावायच्या जागी भिंतीला इतकी भोकं पडली आहेत, की सध्याच्या बँकवाल्यांनी पाटी न लावता तिथे कॅलेंडर लावलं.

हे सध्याचे गोंदियाहून जळगावला, जळगावहून चिपळूणला आणि चिपळूणहून सांगलीला आले. डोळे मिटून नकाशावर टाचण्या टोचल्यासारखा प्रवास. ट्रक जूनमध्ये, भर पावसात आला आणि आम्ही सगळे चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहिलो. दुसऱ्याचं सामान उतरताना बघण्याचं सुख वेगळंच. त्यात कोणाची गादी फाटकी आहे आणि कोणाचा फ्रिज जुना आहे हे विनासायास कळतं. पण इथे निराशा झाली. पलंगाच्या प्रत्येक फळीवर खडूने आकडा. सगळे नटबोल्ट एका बरणीत, आणि ती बरणी वहिनींच्या खांद्यावरच्या पिशवीत; हमालाच्या हाती ती देत नाहीत. प्रत्येक खोक्यावर काय आहे, कुठल्या खोलीत जायचंय आणि कधी उघडायचं, हे मार्करने लिहिलेलं. 'स्वयंपाकघर – आज'. 'पुस्तकं – दिवाळीच्या आत'. एका खोक्यावर नुसतंच 'राहू दे'.

"त्यात काय आहे?" आमच्या हिने विचारलं.

"आठवत नाही, काकू. जळगाव सोडताना बांधलं होतं. आठवत नाही म्हणजे लागत नाही."

"मग टाकून का देत नाही?"

"टाकायचं तर उघडून बघावं लागेल ना."

सर्वांत शेवटी गोंदियाचा कूलर उतरला. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, लहान कपाटाएवढा. सांगलीत त्याची गरज नाही. चिपळूणला तर त्यात कांदेबटाटे ठेवले होते. पण पुढची ऑर्डर चंद्रपूरची निघाली तर, एवढ्या एका भीतीवर तो कूलर सह्याद्री दोनदा ओलांडून आलेला.

नवीन माणसं शेजारी आली की आपण त्यांना मदत करायची, असा आमचा बेत होता. दूध कुणाकडून घ्यावं, पेपर कोण टाकतो, कामाला बाई कोण, हे सांगून उपकार करायचे आणि पुढची तीन वर्षं वसूल करायचे. वहिनींनी ती संधी दिली नाही. त्यांचं तत्त्व असं, की शेजाऱ्यांना काही विचारू नये. शेजारी स्वतःची सोय सांगतात. विचारायचं ते इस्त्रीवाल्याला. त्याला प्रत्येक घराची ऐपत, माणसांची संख्या आणि भांडणं कपड्यांवरून कळलेली असतात. त्याच्या खालोखाल फुलवाली आणि शाळेच्या रिक्षाचे काका. या तिघांच्या मुलाखती झाल्यावर वहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या, तेव्हा आमच्याकडे दूध कुणाचं येतं आणि त्यात पाणी किती असतं, हे त्यांनी आम्हालाच सांगितलं. आम्ही त्याच्याकडून वर्षानुवर्षं घेत होतो. तो माणूस चांगला आहे, आजोबांपासूनचा आहे, असं मी म्हणालो. "आजोबांच्या वेळी असेल," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्याकडे एक फाईल आहे. तिला घरात सगळे नुसतं 'फाईल' म्हणतात. दुसरी कुठली फाईल असू शकते हे त्यांना ठाऊक नाही. त्यात गॅसची कागदपत्रं, आधार, लसीकरणाचे कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात थोरल्याच्या प्रत्येक दाखल्यावर 'वडिलांची बदली' असंच आहे. हे कारण त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय, की गणितात मार्क कमी का पडले असं विचारल्यावर त्याने तेच सांगून बघितलं.

मुलांचं रुजणं तर बघत राहावं असं. धाकटी शाळेत गेली पहिल्या दिवशी 'तू काय करून राहिली?' असं विचारत, म्हणजे गोंदियाची आई आणि पुढची सगळी गावं तिच्या बोलण्यात होती. आठवडा झाला नसेल, जिन्यात मला आडवी आली आणि म्हणाली, "काका, काय करालाय? पाऊस लै पडालाय बगा." आमचा मुलगा सांगलीत जन्मला, सांगलीत शिकला, आणि पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याच्या तोंडून 'लै' गेलं ते गेलंच. आता या मुलीच्या बोलण्यात ऐकायला मिळतं, म्हणून आमची ही तिला उगाच बोलवून घेते आणि भडंग देते.

आता वांग्याबद्दल. कृष्णाकाठची वांगी हा आमच्याकडे चर्चेचा विषय नाही, श्रद्धेचा आहे. आणि या घरात जळगावचं वास्तव्य झालेलं. श्रावणात सोसायटीच्या बायका जमल्या, कोणीतरी कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत केलं होतं, आणि सगळ्यांचे डोळे वहिनींकडे लागले. जळगावहून आलेल्या माणसाने दुसरीकडच्या भरिताला चांगलं म्हणायचं, हा धर्मसंकटाचा प्रसंग. याआधीच्या बँकवाल्या बाई नाशिकच्या होत्या. त्या एकदा 'आमच्याकडची द्राक्षं' म्हणाल्या होत्या. तासगावची माहेरवाशीण समोर बसली होती, आणि पुढे तीन वर्षं त्यांना भिशीत कोणी घेतलं नाही. वहिनींनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भरिताला तिकडचं वांगं बरं, पण भरल्या वांग्याला हे असलं वांगं तिकडे जन्मात मिळायचं नाही." जळगावही राहिलं आणि कृष्णाकाठही. त्याच दिवशी त्या भिशीत गेल्या, आणि पुढच्या महिन्यात भिशीची वही त्यांच्याकडे गेली, कारण हिशेब बँकवाल्यांकडे असावा असं सगळ्यांना आपोआप वाटतं. साहेबांनी घरी कधी दुधाचाही हिशेब केलेला नाही, हे वहिनींनी कोणाला सांगितलं नाही.

साहेबांचं काय सांगावं. ते सगळ्या गावांत सारखेच राहिले, कारण शाखा सगळीकडे सारखीच असते. तेच काउंटर, तेच दोऱ्याने बांधलेलं पेन, तीच केवायसीची रांग. सकाळी जातात, रात्री येतात आणि रविवारी झोपतात. गाव त्यांना कर्जांवरून कळतं. एखाद्या गल्लीचं नाव काढलं की ते 'तिथे दोन एनपीए आहेत' एवढीच आठवण सांगतात. तासगाव म्हणजे त्यांच्या लेखी बेदाण्यावरचं तारण कर्ज. फेब्रुवारीत कधी अवकाळी ढग आले, की आम्ही गच्चीवर गार वारा खायला जातो आणि साहेब खिडकीत बसून राहतात. द्राक्षं घडावर असताना पाऊस म्हणजे त्यांना थेट वसुलीवर पडलेला दिसतो. एकही बाग नसलेला, पण द्राक्षबागायतदाराइतकाच हवालदिल झालेला हा माणूस गोंदियाला धानासाठी आणि जळगावला केळीसाठी असाच जागला असणार. या अर्थाने तो पक्का सांगलीकर आहे. फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

जुलैत कृष्णेला पाणी चढायला लागलं. आमच्याकडे त्या दिवसांत 'कसं काय' असं कोणी विचारत नाही, 'किती फूट' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, त्यामुळे हा आकडा आता लहान पोरालाही पाठ आहे. वहिनी चिपळूणला होत्या त्या काळातच 2021चा जुलै होऊन गेला, तेव्हा पुराचं त्यांना कोणी शिकवायला नको. पण त्यांचं मत ऐकून आम्ही गार झालो. "चिपळूणला पाणी न सांगता घरात आलं. तुमचं बरं आहे. कोयनेतून सोडलं, किती क्युसेक सोडलं, कधी पोचणार, सगळं कळवून येतं."

मग त्यांनी विचारलं, "आपल्याकडे किती फुटाला येतं?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं, की विश्रामबाग उंचावर आहे, इथे येत नाही.

"पाणी नाही हो काका. पाहुणे. पाहुणे किती फुटाला येतात?"

गॅलरीत शांतता पसरली. कारण येतात. ज्याची सासुरवाडी गावभागात आहे त्याच्याकडे 40च्या आतच फोन सुरू होतात, आणि पुढे फुटागणिक माणसं वाढत जातात. हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि दरवेळी आम्ही आयत्या वेळी उशा शोधत फिरतो. वहिनींनी वही काढली. कोणाकडे किती गाद्या जास्त आहेत, कोणाकडे मोठं पातेलं आहे, कोणाचे नातेवाईक कोणाचे तोंड बघत नाहीत आणि म्हणून वेगळ्या मजल्यावर ठेवावे लागतील, असा तक्ता तयार झाला. त्या वर्षी पाणी इशाऱ्याच्या आसपास रेंगाळून उतरलं. तक्ता वाया गेला याचं सगळ्यांनाच थोडं वाईट वाटलं, विशेषतः तळमजल्यावरच्यांना, कारण त्यांच्या साडूला तिसऱ्या मजल्यावर ठरवलं होतं.

गणेशोत्सवात सोसायटीतल्या निवृत्त गुरुजींचं सांगलीच्या इतिहासावर व्याख्यान असतं. दरवर्षी तेच असतं, आणि गावाचेच लोक असल्यामुळे आम्ही ते मागे बसून बोलत ऐकतो. वहिनी पुढे बसल्या. गुरुजी सांगत होते, की 1801 साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन काकांशी वाटणी करून मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. मग गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ बांधलं.

"म्हणजे तुमचे राजेसुद्धा मिरजेहून बदलून आलेले," वहिनी म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा काढला. मिरजेचं नाव आमच्याकडे असं सहज घेत नाहीत. गाव दहा किलोमीटरवर आहे आणि महापालिका एकच आहे म्हणून काय झालं.

"आधी घर, मग देव. क्रम बरोबर आहे त्यांचा," वहिनी पुढे म्हणाल्या. "आम्हीपण आधी गॅस लावतो, मग देव्हारा."

गुरुजी पुढचं विसरले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना घरी चहाला बोलावलं, कारण इतक्या वर्षांत त्यांचं व्याख्यान कोणी ऐकल्याचा हा पहिला पुरावा होता.

दसरा-दिवाळीपर्यंत वहिनींनी आम्हाला आमचं गाव दाखवायला सुरुवात केली. हरिपूरला संगमावर नेलं. सागरेश्वरला हरणं दाखवली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेलं. तिथे भोपळे टांगलेले बघून आमच्या हिने हे भाजीचे का, असं विचारलं. रंगभूमी दिनाला, 5 नोव्हेंबरला, भावे नाट्यमंदिरात आम्हाला त्यांनी अक्षरशः हाताला धरून नेलं. परगावचे पाहुणे आले की मी अजूनही सगळं माझ्याच गावचं म्हणून सांगतो, फक्त आता तपशील बरोबर असतात.

पुढच्या वर्षी आमची सोसायटी पाडून नव्याने बांधायची ठरली. दोन वर्षं दुसरीकडे राहायचं. बँक साहेबांना दुसरा फ्लॅट लीजवर घेऊन देणार होती, त्यामुळे वहिनींना काही वाटलं नाही. 'ऑर्डर लोकलच आहे' एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही मात्र हादरलो. ज्या माणसांनी जन्मात घरातलं कपाट सरकवलेलं नाही, त्यांना दोन चौक ओलांडून बिऱ्हाड न्यायचं होतं. आमची ही रात्री उठून बसायची. तिथे पेपर कोण टाकेल? तिथला वाणी कसा असेल? अंतर म्हणाल तर इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं.

वहिनींनी सगळी सोसायटी हलवली. खडू आणला, मार्कर आणले, जिन्यात उभं राहून हमालांशी भाव केला. आमच्या घरची खोकी बांधायला त्या स्वतः बसल्या. प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायच्या, "काका, हे काय आहे?" आणि मला आठवायचं नाही. 'राहू दे' लिहिलेली इतकी खोकी झाली, की त्यांच्यासाठी वेगळा टेम्पो करावा लागला.

नव्या जागी पहिल्या सकाळी सहाला बेल वाजली. दूधवाला. मग पेपरवाला, मग इस्त्रीवाला, मग कोपऱ्यावरच्या वाण्याचा पोऱ्या. आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. मी दार उघडून त्या पोऱ्याला म्हणालो, की आम्ही सांगलीचेच, तीन पिढ्यांचे.

तो आत डोकावून म्हणाला, "व्हय, पण ते बँकवाल्या वहिनींचे पाहुणे म्हंजे तुम्हीच नव्हं? मालकांनी खातं उघडायला सांगितलंय."

मी हो म्हणालो. उधारी सुरू झाली.