आवाज येऊन राहिला का?

हा प्रश्न भाऊ दूधवाल्याला विचारतो, पानठेल्यावर विचारतो, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही विचारतो. चंद्रपूरच्या तुकूमात असा एक भाऊ आहे, ब्रह्मपुरीत एक आहे, वडशातही निघेल. चाळिशीकडे झुकलेला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ड्रम वाजवून एकदा वन्समोअर मिळवलेला. घरामागे सांदवाडी. तिथल्या वांग्या-टोमॅटोंची हकालपट्टी करून त्याने बँडच्या तालमीसाठी 'साउंडप्रूफ' खोली उठवायला घेतली आहे.

अडचण अशी, की बँडचा ड्रमर तोच. आत धडाधड वाजवून तो ऐकायला बाहेर धावतो, तोवर आत कोणीच वाजवत नसतं. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाळी: "आवाज येऊन राहिला का?" शेजारच्या काकूंनी एकदा पापड वाळत घालता घालता सांगून टाकलं, "ढोल नाही येत बाप्पा, तुमचाच येऊन राहिला."

पहिलं वर्ष अंड्यांच्या ट्रेंनी खाल्लं. पुठ्ठ्याचे ते ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज अडतो, अशी जगभरच्या हौशी बँडवाल्यांची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात ते खोलीतला घुमारा जरासा कमी करतात, एवढंच. आवाज अडवायला लागतं वजन, आणि पुठ्ठ्याला कसलं आलंय वजन! हे भाऊला एका इंजिनिअरने समजावलं, पण पटवलं वाळवीने. एका पावसाळ्यात तिने पूर्वेकडची भिंत साफ केली. मग दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत धानाचं तणस ठासलं. त्यात उंदीर आले. ते मात्र रात्रभर ऐकू यायचे.

शेवटी विटांची दुहेरी भिंत आली, मध्ये खनिज लोकर, आणि कवेलूंच्या जागी स्लॅब. ड्रमसेट सहज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री दहानंतर 45. मधले पन्नासेक डेसिबल भिंतीने गिळायचे. ते नऊ इंची वीटभिंत गिळतेही, पण दार? दारासाठी भाऊ बल्लारपूरच्या डेपोवर अडून बसला. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी याच भागातलं सागवान गेलं, मग आपल्या बँडने काय पाप केलं? दार आलं, देवळाला शोभेलसं. त्याच्याखाली अर्ध्या इंचाची फट राहिली, आणि सगळा बँड त्या फटीतून गल्लीत आला. भिंतीच्या शंभराव्या हिश्शाएवढी भोकं राहिली, तर भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलच्या वर काही अडत नाही. हवा जिथून जाते तिथून आवाज जातो. भाऊने फट रबराने बुजवली, खिडकी विटांनी बुजवली, एक्झॉस्टचं भोकही बुजवलं.

आणि मे महिना उजाडला.

चंद्रपूरचा मे! बाहेर पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस, आत हवेला यायला वाट नाही. कीबोर्डवाला दुसऱ्याच गाण्यात शर्ट काढून बसला, गायक पाणी पाणी करत बाहेर पडला. कूलर लावावा तर त्याला उघडी खिडकी हवी. शिवाय त्याची घरघर बासगिटारच्या वरताण. अखेर एसी आला. एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पडलं. भाऊ पुन्हा गल्लीत.

बाहेरचा आवाज आत येतो का, हे मात्र त्याने कोणाला विचारलं नव्हतं. या शहराला 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, भोवती कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. खाणीत सुरुंग उडाला की हादरा जमिनीतून येतो, आणि सांदवाडीतली झांज आपली आपण वाजते. गणपतीत डीजेची गाडी समोरून गेली तेव्हा तर लोकरीसकट भिंत थरथरली. त्या गाडीबद्दल गल्लीत कोणी चकार शब्द काढला नाही. तक्रार गेली होती ती भाऊच्या गिटारवाल्याची, तीही संध्याकाळी सातला.

त्यांचा ऑक्टोपॅडवाला झाडीपट्टीतला. दिवाळी ते होळी तो वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव असतो. तिथे मंडपात प्रयोग रात्री उभा राहतो तो उजाडेपर्यंत, गाणी सगळी जिवंत, समोर गावंच्या गावं बसलेली. गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. हा गडी पहिल्यांदा खोलीत आला, चारही भिंती हाताने चाचपल्या आणि म्हणाला, "आमी मांगच्या माणसाले आयकू जावं म्हून मरतो. तुमी काहून लपून वाजवता?"

भाऊला उत्तर सुचलं नाही. लपून नाही, हे त्याला सांगता आलं नाही. शेजारचं कोणी आजारी असलं की महिना महिना काठ्यांना हात न लावणारा हा माणूस आहे. पगारातला मोठा तुकडा दुसऱ्याच्या झोपेवर घालणारा दुसरा माणूस त्या गल्लीत नाही, हेही नाइलाजाने नोंदवायला हवं.

काकूंची नात यंदा दहावीला आहे. लग्नसराईत समोरच्या लॉनवर धुमाल सुरू झाला, तेव्हा ती पोरगी वह्या घेऊन त्या खोलीत जाऊन बसली. आता खोलीची किल्ली काकूंकडे असते. तालमीचं विचारायला गेलं तर "पोरीचे पेपर होऊ द्या" म्हणतात. बँड सध्या इरई धरणाच्या रस्त्याला, उघड्यावर वाजवतो आणि बिबट्याच्या भीतीने दिवस बुडायच्या आत सामान गुंडाळतो.