एअर घेते

वटार गावात टू-स्ट्रोक गाडी बिघडली, तर वाडीत केळींना पाणी लावणारा कुणीही काकांचं घर दाखवतो. बिघडली नसली, तर काका स्वतःच येतात.

यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ साली, बंद झाली १९९६ साली. त्यानंतर देशात गाडी म्हणावी असं काही बनलेलं नाही, हे त्यांचं ठाम मत. बाकीच्या गाड्यांना ते नुसतं ‘वाहन’ म्हणतात. त्यामुळे राजोडीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या पोराने जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही आणली आणि खाऱ्या हवेने तिचा कार्बोरेटर खाल्ला, तेव्हा काकांनी दुःख दाखवलं, पण आनंद लपला नाही. आरएक्सचा मिकुनी कार्बोरेटर त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात तयारच होता.

तोंड जुळेना. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर क्लॅम्प. गाडी चालू झाली, रेस आपोआप चढली. काकांनी डोळे मिटले. ‘एअर घेते.’ जोडावर पेट्रोलचे दोन थेंब सोडले, रेस बदलली. जोडातून हवा शिरते, निदान पक्कं!

खरी परीक्षा पुढे. मिकुनीचा छोटा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो. तो हवेचा. बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. काही कार्बोरेटरांत तो इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे सगळं उलट. या मुद्द्यावर काकांचं एका जुन्या मित्राशी बोलणं बंद आहे. स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, मग कान. अर्ध्या रेसला गाडी अडखळली की निडलची क्लिप एक खाच खाली. मग प्लग काढून उन्हात धरायचा: काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, बदामी असेल तर उत्तम, पांढरा असेल तर पेट्रोल कमी आणि पोराला शिव्या. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी, आणि पिस्टन जाम.

‘काका, आता बरी चालतेय. राहू द्या.’

‘बरी चालतेय म्हणजे अजून वाव आहे.’

रविवारी किनाऱ्यावर गिऱ्हाईक ताटकळतं आणि कार्बोरेटर काकांच्या लुंगीवर सुटा पडलेला असतो. पैसे ते घेत नाहीत, ही त्या पोराची मोठी अडचण. घेतले असते तर दुसरीकडे जाता आलं असतं. चर्चमधल्या मिस्साच्या वेळी रेस द्यायची नाही, एवढं एक पथ्य काकू त्यांच्याकडून पाळून घेतात.

परवा सुनेने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. काका नंदाखालपर्यंत मागे बसून गेले, उतरले, वाकून सगळीकडून पाहिलं.

‘काय झालं, बाबा?’

‘काही नाही. हिची स्लो रेस कुठे बघायची?’