हे काय, इथेच!

रत्नागिरीत कुणाचं घर विचारलं, तर सांगणारा आधी तुम्हालाच विचारतो, ‘तुम्ही कुणाकडचे?’ मग पाखाडी उतरा, गडग्याच्या कडेने चला, फणस लागला की डावीकडे वळा... ‘हे काय, इथेच!’ हे ‘इथेच’ अर्ध्या तासाचंही असू शकतं. अशा गावात ग्रंथालयातल्या कपाटांचा डिजिटल नकाशा करावा, ही कल्पनाच मला मोठी लोभस वाटते. इथलं नगर वाचनालय १८२८चं. मेल्विल ड्यूईने पुस्तकं लावण्यासाठी जगातल्या ज्ञानाला दशांश पद्धतीने क्रमांक दिले ते १८७६ साली. त्याआधीही इथे लोक पुस्तकं शोधत होते आणि ती त्यांना सापडतही असणार.

नकाशाची युक्ती तशी साधी. कोणत्या फळीवर कोणत्या क्रमांकापासून कुठवरची पुस्तकं आहेत, हे यंत्राला सांगून ठेवायचं. ड्यूईच्या हिशेबात मराठी साहित्य ८९१.४६, स्वयंपाक ६४१.५. मोबाइलवर नाव टाकलं की क्रमांक जुळतो आणि आराखड्यातलं नेमकं कपाट उजळतं. वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१पासूनचं सूत्रच आहे. कोकणात मात्र आधी वाचकाला विचारायला हवं, तो त्याला वाचवायचाय का!

माझ्या लहानपणी हा नकाशा काउंटरमागे बसून सुपारी कातरत असे. ‘काका, ते निळ्या कव्हराचं, शेवटी ती माहेरी जाते ते,’ एवढं पुरायचं. मान वर न करता उत्तर यायचं, ‘खिडकीकडे, खालची फळी. पण रडशील हो.’ पावसाळ्यात भिंतींना ओल आली की कपाटं हातभर पुढे यायची, अख्खा इतिहास कवितेच्या शेजारी मुक्कामाला जायचा. काका मनातल्या मनात दुरुस्ती करून घेत. यंत्राला ते दर मिरगाला कुणीतरी सांगावं लागेल.

आणि आपण वाचक! अर्धवट राहिलेली कादंबरी दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून शब्दकोशामागे दडवणारे. मग नकाशातलं ते कपाट, शेवटची एसटी गेल्यावरही थांब्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं, आशेने उजळत राहणार, पुस्तक भलतीकडेच. तेव्हा नकाशा होईल तेव्हा होवो, एवढं करा: चाळून झालेलं पुस्तक आपल्या मताने फळीत खुपसू नका. टेबलावर ठेवा. त्याचं घर ठाऊक असलेली माणसं अजून कामावर आहेत.