टिंबांची वही

बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरने 2002 साली हेडिंग्लेच्या कसोटीत 236 चेंडू खेळून 68 धावा काढल्या. स्कोअरबुकात ही खेळी म्हणजे बहुतेक बिनधावांच्या चेंडूंची टिंबंच. वही वाचता न येणाऱ्याला वाटेल, पानावर मुंग्या सुटल्यात; वाचता येणाऱ्याला इंग्लंडच्या गोलंदाजांचा घाम दिसतो. व्हिडिओ गेमची रिप्ले फाइल बहुधा असलीच वही असते. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही; कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, एवढीच नोंद. 1993 च्या ‘डूम’मध्ये सेकंदाला अशा 35 नोंदी, प्रत्येकी चार बाइटच्या. तासाभराची रणधुमाळी पाच लाख बाइटांत आटोपते. मोबाइलवर काढलेला लग्नातला एक फोटो याहून जड भरतो. शिवाय ‘डूम’मधलं नशीबसुद्धा 256 आकड्यांच्या ठरलेल्या यादीतून येतं, त्यामुळे त्याच कळा दाबल्या की तोच राक्षस त्याच जागी मरतो. इतकं भरवशाचं दैव आपल्या पंचांगवाल्यांनाही लाभलेलं नाही.

घोडं अडतं ते वाचण्यापाशी. गेमची आवृत्ती बदलून नियमात तसूभर फरक पडला, की जुन्या रिप्लेतला योद्धा इमानेइतबारे भिंतीला धडका देतो आणि हवेत गोळ्या झाडत बसतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षांनीही वाचता येते, कारण देवनागरीची किल्ली कुठल्या कंपनीच्या खिशात नव्हती. म्हणून रिप्ले उलगडणारं साधन मुक्त स्रोताचंच हवं, असं माझं म्हणणं. ‘डूम’चा कोड 1997 मध्ये खुला झाला, म्हणून त्या जुन्या वह्या आजही वाचणारे आहेत. ‘स्टारक्राफ्ट 2’च्या ब्लिझार्डने तर रिप्ले वाचणारं ‘एस-टू-प्रोटोकॉल’ स्वतःच खुलं केलं.

यावर कुणी म्हणेल, सरळ व्हिडिओ काढून ठेवा की! ठेवा, पण ‘दहाव्या मिनिटाला याने किती कळा दाबल्या?’ असं व्हिडिओला विचारलं तर तो ढिम्म. वहीचा नमुना उघड केला तर लबाडांचं फावेल, हा आक्षेप जरा वजनदार. पण लबाड किल्लीची वाट बघत बसत नाहीत, आणि माणसाच्या बोटांना न झेपणारा वेग चार जणांना दिसतो तो उघड्या वहीतच. उरला घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप: पोरानं आधी शाळेची वही पूर्ण करावी. त्यावर मात्र मुक्त स्रोतवाल्यांनी अजून काही काढलेलं नाही.